सत्तावीस सेकंद

शहरातील रस्त्यांचा विषय निघाला की बोलणे फार लवकर वाहनांवर येऊन ठेपते. कोंडी किती वाढली, उड्डाणपूल केव्हा पूर्ण होणार, मेट्रोचे खांब कुठवर आले, गाडी लावायला जागा कुठे मिळते, हेच प्रश्न घरोघरी आणि समारंभांत चर्चिले जातात. रस्त्याने पायी चालणारा माणूस या चर्चेत क्वचितच डोकावतो. वास्तविक प्रत्येक प्रवासाचा आरंभ पायी होतो आणि शेवटही पायीच होतो. बसने जाणारा थांब्यापर्यंत चालत जातो, मोटारीने जाणारा वाहनतळापासून चालत येतो. लहान मुले, वृद्ध माणसे, घरोघरी कामाला जाणाऱ्या स्त्रिया यांचा तर बहुतेक सारा प्रवास पायीच असतो. केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी सुमारे एक पंचमांश पादचारी होती. ज्यांच्या हाती ना वाहन होते ना वेग, अशी ही बत्तीस हजारांहून अधिक माणसे.

चौकातल्या सिग्नलचा इतिहास या दृष्टीने मोठा उद्बोधक आहे. जगातला पहिला सिग्नल १८६८ च्या डिसेंबर महिन्यात लंडनच्या संसद भवनाजवळ उभा राहिला. मोटारगाडीचा जन्म तेव्हा व्हायचा होता. रस्त्यावर गर्दी होती ती घोडागाड्यांची. त्या गर्दीतून पायी जाणाऱ्यांना सुरक्षित वाट मिळावी म्हणून जॉन पीक नाइट या रेल्वे अभियंत्याने रेल्वेच्या सिग्नलसारखे हात असलेला एक खांब तयार केला. रात्री त्यावर गॅसचे लाल आणि हिरवे दिवे लागत आणि एक पोलीस शिपाई ते चालवीत असे. जेमतेम महिनाभरात गॅसचा स्फोट होऊन तो शिपाई जखमी झाला आणि प्रयोग तिथेच थांबला. पुढे १९१४ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात विजेचा सिग्नल आला. तोवर रस्ते मोटारींनी भरू लागले होते. पायी माणसाला वाट देण्यासाठी जन्माला आलेले हे साधन हळूहळू वाहनांच्या रांगा हाताळण्याचे साधन झाले, आणि पादचाऱ्याच्या वाट्याला उरलेसुरले सेकंद आले.

हे सेकंद कसे वाटले जातात, तेही समजून घेण्यासारखे आहे. चौकातील सर्व दिव्यांचे एक आवर्तन असते आणि त्या आवर्तनात प्रत्येक दिशेला आपापला वाटा मिळतो. १९५८ मध्ये इंग्लंडमधील एफ. व्ही. वेब्स्टर यांनी या वाटपाचे एक सूत्र मांडले. चौकात वाहनांचा थांबण्यात जाणारा एकूण वेळ कमीत कमी व्हावा, हा त्या सूत्राचा हेतू. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ते आजही शिकवले जाते. सूत्र उत्तम आहे, परंतु त्यात मोजली जातात ती वाहने. निरनिराळ्या वाहनांची बेरीज करता यावी म्हणून ‘पॅसेंजर कार युनिट’ नावाचे एक माप वापरतात. मोटारगाडी म्हणजे एक, बस म्हणजे साधारणपणे तीन, दुचाकी म्हणजे सुमारे अर्धा. एकटा माणूस बसलेली मोटार एक आणि साठ माणसांनी भरलेली बस तीन, असा हा हिशेब. पायी चालणाऱ्याला तर या मापात आकडाच नाही. त्याच्यासाठी वेगळे आणि फार सोपे गणित आहे. रस्त्याच्या रुंदीला चालण्याच्या वेगाने भागायचे, की झाले. हा वेग अनेक देशांनी दीर्घकाळ सेकंदाला १.२ मीटर असा धरला. आपल्याकडेही तोच रूढ आहे.

हा १.२ चा आकडा आमच्या घरात कसा आला, ते आता सांगते.

आमचे घर पश्चिम महाराष्ट्रातील एका मध्यम आकाराच्या शहराच्या जुन्या भागात आहे. घरासमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे मंदिर, वाचनालय, भाजीबाजार. माझ्या सासूबाईंची बालमैत्रीणही पलीकडेच राहत असे. दोघी एकाच गावच्या, वर्षभराच्या अंतराने लग्न होऊन या शहरात आल्या आणि समोरासमोर नांदल्या. सकाळी दर्शन, संध्याकाळी वाचनालय आणि तिथून मैत्रिणीकडे अर्धा तास, हा सासूबाईंचा क्रम वर्षानुवर्षे चुकला नव्हता. मासिके आधी त्या वाचत, मग मैत्रिणीला देत, आणि गोष्टीचा शेवट कसा व्हायला हवा होता यावरून दोघींचा वाद होई. रस्ता त्या काळी अरुंद होता. दुतर्फा कडुनिंबाची झाडे होती, वाहने सावकाश जात आणि वयस्कर माणसाने हात दाखवला की थांबत.

पुढे रस्तारुंदीकरण झाले. झाडे गेली, मधोमध दुभाजक आला, चौकात नवा सिग्नल आला. रस्ता देखणा झाला यात शंका नाही. पण रस्ता रुंद झाला की वाहनाचा वेग आपोआप वाढतो. चालकाला कोणी सांगावे लागत नाही. मोकळी रुंदीच त्याला सांगते. सासूबाई तेव्हा एक्याऐंशी वर्षांच्या होत्या. एका संध्याकाळी हिरवा माणूस दिसल्यावर त्या निघाल्या आणि दुभाजकाच्या पुढे चार पावले गेल्या असतील-नसतील, तोच दिवा बदलला. पुढून-मागून दुचाक्या जाऊ लागल्या. एक रिक्षा तर पदराला वारा लावून गेली. त्या जिथे होत्या तिथेच पिशवी छातीशी धरून उभ्या राहिल्या. फळवाल्याने धावत येऊन त्यांना पलीकडे नेले. त्यांना खरचटलेसुद्धा नाही. घरी आल्यावर एवढेच म्हणाल्या, “अगं, उद्यापासून माझं मासिक तूच आणत जा.”

त्या वाक्याचा अर्थ पुढच्या काही महिन्यांत हळूहळू उलगडत गेला. आधी वाचनालय सुटले, मग मैत्रिणीकडे जाणे. सणावाराला माझे यजमान स्कूटरवरून त्यांना मंदिरात सोडत, पण त्यांना ते आवडत नसे. “समोरच्या मंदिरात काय वाहनानं जायचं!” त्या म्हणत. चालणे कमी झाल्यावर गुडघे आखडले, गुडघे आखडल्यावर चालण्याची भीती वाढली. दोन घरांच्या गॅलऱ्या समोरासमोर होत्या. संध्याकाळ झाली की दोघी आपापल्या गॅलरीत खुर्ची टाकून बसत, एकमेकींना हात करीत आणि मग मोबाइलवर बोलत. मधून गाड्यांचा प्रवाह अखंड चालू असे. “ती मला दिसते,” सासूबाई एकदा म्हणाल्या, “पण तिच्या हातचा चहा काही फोनवरून येत नाही.”

मी माध्यमिक शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवले आहे. एखादी गोष्ट सतावू लागली की ती मोजून पाहावी, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. एका रविवारी पहाटे, रस्ता रिकामा असताना, मी आणि यजमान टेप घेऊन चौकात गेलो. एका पदपथापासून दुसऱ्या पदपथापर्यंत रुंदी भरली साडेएकवीस मीटर. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा किती वेळ राहतो ते घड्याळ लावून पाहिले. अठरा सेकंद. घरी येऊन भागाकार केला. साडेएकवीसला १.२ ने भागले की जवळजवळ नेमके अठरा येतात. म्हणजे सिग्नल बसवणाऱ्याने नियमाप्रमाणे अगदी बरोबर काम केले होते. मग सासूबाईंना आमच्या सोसायटीच्या आवारात तेवढेच अंतर आखून, घाई न करता, नेहमीसारखे चालायला सांगितले. त्यांना लागले सत्तावीस सेकंद. त्यांचा वेग सेकंदाला ०.८ मीटर होता.

सासूबाई आजारी नव्हत्या, अपंग नव्हत्या. त्या वयाच्या मानाने चांगल्या चालत होत्या. इंग्लंडमध्ये पासष्ट वर्षांवरील लोकांच्या चालण्याची पाहणी झाली होती आणि तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या देशातील ज्येष्ठ पुरुषांचा सरासरी वेग सेकंदाला ०.९ मीटर आणि स्त्रियांचा ०.८ मीटर आढळला. सिग्नलचे गणित तिथेही १.२ वर बेतलेले होते. म्हणजे ज्येष्ठांपैकी बहुसंख्य माणसे त्या गणितात बसतच नव्हती. अमेरिकेने २००९ मध्ये आपल्या नियमावलीतील वेग १.२ वरून साधारण १.०७ मीटरपर्यंत खाली आणला. आकडा छोटा दिसतो, पण रुंद रस्त्यावर त्याचे दोन-तीन सेकंद होतात, आणि म्हाताऱ्या माणसाच्या दृष्टीने दोन सेकंद म्हणजे तीन पावले.

या छोट्या आकड्यांवर जगातील काही शहरांनी फार कल्पकतेने काम केले आहे. सिंगापूरने २००९ मध्ये एक साधी युक्ती अमलात आणायला सुरुवात केली. तिथे ज्येष्ठ नागरिकांना आणि अपंगांना प्रवास सवलतीचे कार्ड मिळते. सिग्नलच्या खांबावर एक पेटी बसवली. तिला ते कार्ड लावले की हिरवा दिवा रस्त्याच्या रुंदीप्रमाणे ३ ते १३ सेकंद जास्त वेळ राहतो. कार्ड लावणारा कोणी नसेल तर नेहमीचाच वेळ. म्हणजे ज्याला गरज आहे त्याला वेळ मिळतो, आणि गरज नसताना वाहनांचीही खोटी होत नाही. ब्रिटनमध्ये दुसरा मार्ग निघाला. तिथल्या ‘पफिन’ नावाच्या क्रॉसिंगवर खांबावरचे संवेदक पट्ट्यांवर माणूस अजून चालतो आहे की नाही ते पाहतात. माणूस मधे असला तर वाहनांचा लाल दिवा थोडा लांबतो. न्यूयॉर्कमध्ये अनेक चौकांत पादचाऱ्यांचा हिरवा दिवा वाहनांच्या आधी काही सेकंद लागतो. त्यामुळे वाहन वळायला लागेपर्यंत माणूस रस्त्याच्या मधे, चालकाच्या नजरेसमोर, आलेला असतो. टोकियोच्या शिबुया चौकात तर सर्व बाजूंची वाहने एकाच वेळी थांबतात आणि माणसे तिरपीसुद्धा ओलांडून जातात.

यांपैकी काही उपायांना यंत्रे लागतात, पण काहींना निव्वळ सिमेंट आणि रंग पुरतो. रस्त्याच्या मधोमध उभे राहण्यासाठी सुरक्षित जागा ठेवली, तर एक लांब ओलांडणे दोन छोट्या ओलांडण्यांत विभागले जाते. पट्टे जिथे आहेत तिथे रस्ताच पदपथाच्या उंचीपर्यंत उचलला, तर माणसाला खाली उतरून वर चढावे लागत नाही आणि वाहनाला वेग कमी करावाच लागतो. कोपऱ्यावरचे वळण थोडे अरुंद केले, तर गाडी सावकाश वळते. पदपथ रस्त्यापासून पंधरा सेंटिमीटरपेक्षा अधिक उंच नसावा आणि ओलांडण्याच्या जागी तो उतरता असावा. हे सारे आपल्याही मार्गदर्शक पुस्तकांत लिहिलेले आहे. पुण्याने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले, त्यानंतर जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ आणि बसायला बाके आली. चेन्नईच्या पाँडी बाजारात २०१९ मध्ये पायी चालणाऱ्यांसाठी प्रशस्त जागा तयार झाली. ज्ञान इथे आहे आणि उदाहरणेही इथे आहेत. ती प्रत्येक शहराच्या प्रत्येक चौकापर्यंत पोहोचायची आहेत.

ही सारी माहिती गोळा करून, चौकाचा एक नकाशा काढून, मी संबंधित कार्यालयात अर्ज दिला. तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात राहिला. चौथ्या खेपेला एका तरुण अभियंत्याची भेट झाली. त्यांनी नकाशा नीट पाहिला.

“मॅडम, सिग्नलमध्ये चूक काही नाही. रुंदी भागिले वेग, अठरा सेकंद. नियमाप्रमाणे आहे.”

“नियमाप्रमाणे आहे, हे मी मोजूनच आले आहे,” मी म्हटले. “पण ज्या माणसासाठी हे गणित केलं, तो माणूस आमच्या घरी राहत नाही.”

ते हसले, मग गंभीर झाले. “एकशेवीस सेकंदांचं आवर्तन आहे. तुम्हाला नऊ सेकंद वाढवून दिले, तर ते कुणाकडून तरी काढावे लागतील. संध्याकाळी रांग आत्ताच मागच्या चौकाला टेकते. रांग वाढली की दहा जणांचे फोन येतात. म्हाताऱ्या माणसांनी घराबाहेर पडणं सोडलं, तर एकही फोन येत नाही.”

त्यांच्या या शेवटच्या वाक्यात तक्रार नव्हती, कडवटपणाही नव्हता. आपल्या कामाचे वास्तव त्यांनी सरळ सांगितले होते. मला ते वाक्य आजवर वाचलेल्या कोणत्याही सूत्रापेक्षा महत्त्वाचे वाटते. वाहनांची कोंडी दिसते, ऐकू येते, तिची छायाचित्रे छापून येतात. जो रस्ता ओलांडायचे सोडून देतो तो कोणाला दिसत नाही. तो अपघातांच्या आकडेवारीतही येत नाही, कारण त्याला अपघात झालेलाच नसतो. किंबहुना तो घरी बसल्यामुळे त्या चौकाचे आकडे अधिक चांगले दिसू लागतात.

मी त्यांना मधल्या थांब्याविषयी विचारले. साडेएकवीस मीटर एका दमात ओलांडता येत नसतील, तर दुभाजकापाशी थांबायची सोय करावी; तिथपर्यंतचे सुमारे दहा मीटर अंतर सासूबाई बारा-तेरा सेकंदांत सहज चालतील. “कल्पना योग्य आहे,” ते म्हणाले, “पण दुभाजक इथे अरुंद आहे. माणूस कसाबसा उभा राहील, व्हीलचेअर मावणार नाही. तो रुंद करावा लागेल, मधे खांब लावावे लागतील आणि डावीकडे वळणारी वाहने त्या वेळात थांबवावी लागतील.” डाव्या वळणाचा मुद्दा त्यांनी स्वतःहून काढला. आपल्याकडे अनेक चौकांत डावीकडचे वळण सदैव मोकळे असते. पादचाऱ्याचा दिवा हिरवा असला तरी वळणारी वाहने येतच राहतात, आणि अठरापैकी पहिले चार-पाच सेकंद पदपथाच्या कडेला वाट पाहण्यातच जातात. प्रस्ताव तयार करतो, असे त्यांनी सांगितले.

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, ती वेगाची. चार हात पुढची भूमी पाहून पाऊल टाकावे, ही ईर्यासमितीची शिकवण आपल्या घरांत लहानपणापासून कानावर पडते. अभियांत्रिकीच्या भाषेत तिचा अर्थ असा सांगता येईल, की थांबायला जेवढे अंतर लागते तेवढे अंतर आधी डोळ्यांनी पाहिलेले असले पाहिजे. चालणाऱ्याला चार हात पुरतात. वाहनाचे काय? समोर कोणी आल्याचे कळून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद गेला असे धरू. ब्रेक उत्तम आहेत आणि रस्ता कोरडा आहे असेही धरू. ताशी ३० किलोमीटर वेगाने चाललेली मोटार सुमारे १३ मीटरमध्ये थांबते. ताशी ६० च्या वेगाने तिला सुमारे ३६ मीटर लागतात. वेग दुप्पट झाला तरी अंतर दुप्पट होत नाही, जवळजवळ तिप्पट होते, कारण ब्रेक लावल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. धडकेची शक्तीही वर्गाप्रमाणेच वाढते. नववीच्या वर्गात गतिज ऊर्जेचे हे सूत्र मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले. शहराच्या रस्त्यावर त्याचा अर्थ एका माणसाचे जगणे किंवा मरणे असा होतो.

ऑस्ट्रियातील ग्राझ या शहराने १९९२ मध्ये मुख्य रस्ते वगळून साऱ्या शहरात ताशी ३० किलोमीटरची मर्यादा लागू केली, तेव्हा तो मोठा धाडसी निर्णय समजला गेला. त्यानंतर अनेक शहरे त्या वाटेने गेली. फिनलंडची राजधानी हेलसिंकी हिने वर्षानुवर्षे रस्त्यांवरील वेग कमी करत नेला, आणि २०१९ या संपूर्ण वर्षात तिथे एकही पादचारी रस्ते अपघातात दगावला नाही. स्पेनमधील पोंतेवेद्रा या छोट्या शहराने १९९९ पासून आपल्या मध्यवस्तीतून मोटारी जवळजवळ हद्दपार केल्या. तिथे मेट्रोच्या नकाशासारखा दिसणारा एक नकाशा मिळतो, पण त्यावर रेल्वेमार्ग नसतात. एका चौकातून दुसऱ्या चौकात पायी जायला किती मिनिटे लागतात, ते त्यावर लिहिलेले असते. त्या शहराने मिनिटे मोजली ती चालणाऱ्याची.

प्रत्येक नवी कल्पना सर्वांना मानवते असेही नाही. नेदरलँड्समधील ड्राख्टेन या गावी हान्स मोंडरमन या अभियंत्याने एका मोठ्या चौकातील सिग्नलच काढून टाकले. नियम कमी झाले की माणसे एकमेकांच्या डोळ्यांत पाहून सांभाळून जातात, असा त्यांचा विश्वास होता. स्वतः रस्त्यात मागे-मागे चालत जाऊन ते पाहुण्यांना हे दाखवीत असत. वाहने खरोखरच थांबत. परंतु ज्यांना दिसत नाही त्यांनी कोणाच्या डोळ्यांत पाहायचे, असा प्रश्न अशा रस्त्यांविषयी दृष्टिहीनांच्या संघटनांनी विचारला, आणि तो रास्त होता. नवी कल्पना किती नवी आहे यापेक्षा तिच्यात सर्वांत दुर्बळ माणूस बसतो की नाही, हीच तिची खरी कसोटी आहे.

आमच्या चौकाची फाईल अकरा महिने फिरली. दहाव्या महिन्यात, एका सकाळी, समोरच्या गॅलरीतली खुर्ची रिकामी दिसली आणि थोड्याच वेळात फोन आला. सासूबाईंची मैत्रीण रात्री झोपेतच गेली होती. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पांढरे लुगडे नेसून त्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. यजमानांनी स्कूटर काढू का म्हणून विचारले. त्यांनी मानेनेच नाही म्हटले. मी त्यांचा हात धरला. यजमान पुढे होऊन, दोन्ही हात पसरून, रस्त्याच्या मधे उभे राहिले. आम्ही चालू लागलो. दिवा हिरव्याचा लाल झाला तरी चालत राहिलो. कोणीतरी भोंगा वाजवला, मग कळले असावे, वाजवायचा थांबला. दीड वर्षाने त्यांनी तो रस्ता ओलांडला होता. परतताना त्या म्हणाल्या, “चालता आलं की गं मला.”

पुढच्या महिन्यात काम झाले. दुभाजक दोन मीटर रुंद करून मधे उभे राहण्याची जागा झाली, पिवळे खांब लागले, डाव्या वळणाला सिग्नल आला आणि पादचाऱ्यांचा हिरवा दिवा अठराचा बावीस सेकंद झाला. या सगळ्याला आठ दिवस लागले. संध्याकाळची रांग मागच्या चौकाला पूर्वीही टेकत होती, आताही टेकते. चार सेकंदांनी तिच्यात काही मोठा फरक पडलेला आम्हा शेजाऱ्यांना दिसत नाही. फरक दिसतो तो पदपथावर. इतकी वर्षे न दिसलेले काही चेहरे संध्याकाळी पुन्हा दिसू लागले आहेत. कोणी काठी टेकत येतो, कोणी नातवाचे बोट धरून. मधल्या जागेवर क्षणभर थांबून, श्वास घेऊन, पुढे जातात. सासूबाई पुन्हा वाचनालयात जाऊ लागल्या आहेत. मासिक वाचून झाले की ते कुणाला द्यावे, हा प्रश्न त्यांना अजून सुटलेला नाही.

मोठ्या कामांना माझा विरोध नाही. मेट्रो हवी, बसगाड्या तर अधिक हव्यात. पण मोठ्या कामांचेही आयुष्य आपण पाहिले आहे. पुण्याच्या विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल जेमतेम दीड दशक उभा राहिला आणि २०२० मध्ये मेट्रो व नव्या पुलासाठी पाडावा लागला. दक्षिण कोरियाच्या सोल शहराने तर ओढ्यावर बांधलेला उन्नत महामार्ग २००३ मध्ये पाडायला घेतला आणि २००५ मध्ये तिथे पुन्हा पाणी वाहते केले. आज त्या काठाने माणसे पायी फिरतात. अशा कामांपुढे चौकातला मधला थांबा, उचललेले पट्टे, वाढवलेले सेकंद फार किरकोळ वाटतात. त्यांचे उद्घाटन होत नाही, कोनशिला बसत नाही. परंतु एखादे म्हातारे माणूस घराबाहेर पडणार की नाही, हे याच किरकोळ गोष्टींवर ठरते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्यायोग्य पदपथाचा हक्क हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. त्या हक्काला सेकंदांचेही माप आहे, एवढेच मला त्यात जोडावेसे वाटते.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घराजवळच्या चौकात एकदा घड्याळ घेऊन उभे राहा. हिरवा दिवा किती वेळ राहतो ते पाहा. मग आपल्या घरातील सर्वांत वयस्कर माणसाला, घाई न करता, तेवढेच अंतर आवारात चालायला सांगा. दोन आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहा. त्यांच्यात तफावत आढळली, तर तो कागद आणि एक साधा नकाशा घेऊन संबंधित कार्यालयात जा, आणि उत्तर येईपर्यंत जात राहा. एकट्याने जाण्यापेक्षा चार शेजारी मिळून गेलात तर उत्तम. वाहनांच्या रांगेसाठी दहा फोन येत असतील, तर रस्ता ओलांडणाऱ्यासाठी निदान एक तरी फोन जायला हवा. आणि तो लवकर जायला हवा, कारण समोरच्या गॅलरीतले माणूस फार दिवस वाट पाहू शकत नाही.